रकान्याला नाव हवे

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज उघडला की डोळे आपले काम विनासायास करतात. डावीकडे ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव’ असे लिहिलेले असते, उजवीकडे रिकामी चौकट असते. दोन्ही एका ओळीत आहेत, म्हणून ही चौकट नावासाठीच आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. खाली वडिलांचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, वार्षिक उत्पन्न, बँक खाते असे सगळे ओळीने येते. लाल तारा असलेले रकाने भरलेच पाहिजेत, हेही नजरेला लगेच कळते. अर्जाची सगळी मांडणी शेजारावर उभी असते. जे ज्याच्या जवळ, ते त्याचे.

आता तोच अर्ज दृष्टिहीन विद्यार्थी पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून उघडतो आणि टॅबची कळ दाबतो. कानात आवाज येतो, ‘एडिट, ब्लँक’. तो पुन्हा टॅब दाबतो. पुन्हा ‘एडिट, ब्लँक’. तिसऱ्या वेळीही तेच. इथे लिहायला जागा आहे आणि ती रिकामी आहे, एवढेच त्याला कळते. त्या जागेत स्वतःचे नाव लिहायचे, वडिलांचे की बँकेचे, हे स्क्रीन रीडर सांगत नाही, कारण ते त्यालाच कोणी सांगितलेले नाही.

डोळ्यांना शेजार पुरतो. स्क्रीन रीडरला नाते लागते, आणि ते नाते पान तयार करणाऱ्याने कोडमध्ये लिहून द्यावे लागते. काम बहुतेक वेळा एका ओळीचे असते. ती ओळ राहून गेली की एखाद्याचा प्रवेश, नोकरीचा अर्ज किंवा पेन्शन अडून बसते.

स्क्रीन रीडर नेमके काय वाचतो

स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहून त्यावरची अक्षरे ओळखतो, असा अनेकांचा समज असतो. वेब पानाच्या बाबतीत तसे घडत नाही. ब्राउझरला पान मिळते ते एचटीएमएलच्या रूपात. त्यावरून ब्राउझर एकीकडे डोळ्यांसाठी पान रंगवतो आणि दुसरीकडे सहायक साधनांसाठी त्याच पानाची एक रचना तयार करतो. तिला ‘ॲक्सेसिबिलिटी ट्री’ म्हणतात. या रचनेत पानावरच्या प्रत्येक कामाच्या वस्तूची मुख्यतः तीन प्रकारची माहिती असते: तिचे नाव काय, ती आहे काय, आणि आत्ता ती कोणत्या अवस्थेत आहे. ‘मी नियम वाचले आहेत’ हे नाव, चेकबॉक्स ही जात, आणि ‘अजून खूण केलेली नाही’ ही अवस्था. हे तीन भाग जोडून स्क्रीन रीडर एक वाक्य बोलतो.

विंडोजवर दोन स्क्रीन रीडर सर्वाधिक परिचित आहेत. ‘जॉज’ १९८९ पासून आहे आणि तो विकत घ्यावा लागतो. ‘एनव्हीडीए’ची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी केली, पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे, म्हणून भारतात तो विद्यार्थ्यांच्या हाती सहज पडतो. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ असतेच.

सराईत माणूस पान वरून खाली सगळे ऐकत बसत नाही. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबले की पुढचे शीर्षक येते, ‘एफ’ दाबले की अर्जाचा पुढचा रकाना, ‘बी’ दाबले की पुढचे बटण. मात्र ‘एच’ दाबल्यावर शीर्षक सापडण्यासाठी ते कोडमध्ये शीर्षक म्हणून नोंदलेले असावे लागते. मजकूर नुसता ठळक आणि मोठा केला, तर डोळ्यांना शीर्षक दिसते आणि एनव्हीडीएला साधा परिच्छेद.

एक बारकावा अर्जापुरता फार महत्त्वाचा आहे. पान वाचताना एनव्हीडीए एका रीतीने चालतो आणि रकान्यात टाइप करताना दुसऱ्या. रकान्यात शिरल्यावर ‘एच’ हे अक्षर उमटायला हवे, त्याने शीर्षकाकडे उडी मारून चालणार नाही, म्हणून रीत आपोआप बदलते आणि तसा छोटा आवाजही होतो. या दुसऱ्या रीतीत माणूस टॅब दाबत एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जातो. दोन रकान्यांच्या मध्ये जो मजकूर सुटा पडलेला असतो, तो त्याच्या कानावर येतच नाही.

एका ओळीचे काम

एचटीएमएलमध्ये रकान्याला नाव देण्यासाठी ‘लेबल’ नावाचा टॅग आहे. रकान्याला एक ओळखखूण द्यायची, तिला ‘आयडी’ म्हणतात. लेबलमध्ये ‘फॉर’ लिहून तीच ओळखखूण द्यायची. झाले. आता टॅब दाबल्यावर ‘अर्जदाराचे संपूर्ण नाव, एडिट, ब्लँक’ असे ऐकू येते. पडद्यावर तसूभरही फरक पडत नाही. हा टॅग एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे १९९७ च्या डिसेंबरात आला. त्याच वर्षी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने अपंग व्यक्तींना वेब वापरता यावे यासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला होता. तेव्हापासून एक पिढी उलटली, तरी अमेरिकेतील युटा राज्यातली ‘वेबएम’ ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांवर नाव नसलेला निदान एक तरी रकाना सापडतो.

लेबल चुकवण्याची एक लोकप्रिय पद्धत आहे. चौकटीच्या आतच फिकट अक्षरात ‘मोबाइल क्रमांक’ लिहायचे आणि बाहेर काहीच लिहायचे नाही. पान नीटनेटके दिसते. हा फिकट मजकूर ब्राउझर स्क्रीन रीडरला नावाऐवजी पुरवतो खरा, पण ही पर्यायी सोय आहे, तिच्यावर विसंबून राहणे बरे नाही. पहिला आकडा टाइप करताच तो मजकूर पडद्यावरून नाहीसा होतो. ज्यांना अंधूक दिसते त्यांना तो मुळात नीट दिसलेला नसतो. ज्यांच्या लक्षात राहत नाही त्यांना, भरलेला अर्ज पुन्हा तपासताना, कोणत्या चौकटीत काय विचारले होते ते कळत नाही.

खऱ्या लेबलचा फायदा डोळस माणसालाही होतो. चेकबॉक्सला लेबल जोडलेले असेल तर चिमुकल्या चौकटीवर नेम धरावा लागत नाही, शेजारच्या शब्दांवर बोट ठेवले तरी खूण होते. हात थरथरणाऱ्या वृद्धाला त्याने केवढा आधार मिळतो! आणि आवाजाने फोन चालवणारा माणूस रकान्याचे नाव उच्चारून तिथे पोहोचू शकतो, तेही रकान्याला नाव असले तरच.

पर्याय आहेत, प्रश्न कुठे आहे?

काही प्रश्नांना एकच चौकट पुरत नाही. ‘आपण वसतिगृहात राहता का?’ असे विचारलेले असते आणि खाली ‘होय’, ‘नाही’ अशी दोन गोल बटणे. दोन्ही बटणांना व्यवस्थित लेबल आहे. तरीही टॅब दाबत आलेल्या माणसाला ऐकू येते ते एवढेच: ‘होय, रेडिओ बटण’. कशाला होय? प्रश्न वर कुठेतरी सुट्या ओळीत राहिला. अर्जात असे पाच प्रश्न एकाखाली एक असतील, तर पाच वेळा ‘होय’ आणि ‘नाही’ कानावर पडते आणि एकाही प्रश्नाचा पत्ता लागत नाही.

यासाठी ‘फील्डसेट’ आणि ‘लेजंड’ हे दोन टॅग आहेत. पर्यायांचा गट फील्डसेटमध्ये ठेवायचा आणि प्रश्न लेजंडमध्ये लिहायचा. मग गटात शिरताना स्क्रीन रीडर आधी प्रश्न बोलतो आणि नंतर पर्याय, शिवाय दोनपैकी कितवा तेही सांगतो. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन भाग असतील तिथेही हेच करायचे. नाहीतर गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड हे रकाने दोनदा येतात आणि कोणते कोणत्या पत्त्याचे हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

जिल्हा आणि तालुक्याच्या याद्यांत आणखी एक अडचण असते. काही अर्जांत जिल्हा बदलताच पान आपोआप नव्याने उघडते, म्हणजे त्या जिल्ह्यातले तालुके पुढच्या यादीत यावेत. माउस वापरणारा यादी उघडून थेट साताऱ्यावर क्लिक करतो. कळफलक वापरणारा खाली जाणारा बाण दाबतो, यादीतला पहिलाच जिल्हा निवडला जातो, पान नव्याने उघडते आणि तो पुन्हा पानाच्या माथ्यावर जाऊन पडतो. साताऱ्यापर्यंत पोहोचणार कसा? तालुक्यांची यादी पान न हलवता भरता येते, किंवा ‘पुढे’ असे वेगळे बटण देता येते. जन्मतारखेसाठी महिन्यामहिन्याने मागे जाणारे कॅलेंडर देण्यापेक्षा दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने बरे. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांसाठी जी डिझाइन नियमावली आहे, तिने हाच मार्ग धरला आहे.

सूचना आणि चूक

‘नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहावे.’ ‘छायाचित्र ५० केबीपेक्षा मोठे नसावे.’ अशा सूचना रकान्याखाली बारीक अक्षरात असतात. टॅबने फिरणाऱ्याला त्या ऐकू येत नाहीत हे वर आलेच. ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ हा गुणधर्म वापरून सूचना रकान्याला बांधता येते. मग रकान्याचे नाव झाल्यावर सूचना आपोआप वाचली जाते. लाल ताऱ्याचेही तसेच. रकाना ‘रिक्वायर्ड’ म्हणून नोंदला की तो भरणे आवश्यक आहे हे स्क्रीन रीडर स्पष्ट सांगतो.

खरी कसोटी लागते ती चूक झाल्यावर. डोळस माणसाने ‘सादर करा’ दाबले आणि आयएफएससी कोड चुकला, तर त्या चौकटीची कड लाल होते आणि नजर तिथे जाते. दृष्टिहीन माणसाला मात्र बटण दाबल्यावर काहीच ऐकू येत नाही. अर्ज गेला, अडकला की इंटरनेट बंद पडले? तो पुन्हा बटण दाबतो. पुन्हा शांतता. चाळीस रकान्यांतला कोणता चुकला हे शोधायला त्याला पहिल्यापासून सगळा अर्ज ऐकावा लागतो, आणि तेवढे करूनही चूक फक्त रंगाने दाखवलेली असेल तर ती सापडत नाही.

यावरची चांगली पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. चुका झाल्या की पानाच्या माथ्यावर त्यांची यादी द्यायची आणि स्क्रीन रीडरचे लक्ष तिथे न्यायचे. यादीतली प्रत्येक चूक ही त्या त्या रकान्याकडे नेणारी लिंक असावी. रकान्यावरही ‘एरिया-इनव्हॅलिड’ ही नोंद करावी आणि चुकीचा मजकूर रकान्याशी बांधावा. मजकूरही उपयोगाचा हवा. ‘अवैध माहिती’ म्हणण्याऐवजी ‘आयएफएससी कोडमध्ये ११ अक्षरे-अंक असतात, आपण १० लिहिले आहेत’ असे सांगितले, तर तो दृष्टिहीनालाही कळतो आणि पहिल्यांदाच ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्यालाही.

वेळेचे बंधन हा आणखी एक अडथळा. कानाने अर्ज भरायला अधिक वेळ लागतो. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, म्हणजे ‘डब्ल्यूसीएजी’, त्यांत वेळेची मर्यादा काढून टाकण्याचे किंवा आधीच वाढवून घेण्याचे मार्ग दिले आहेत. ते नसतील तर वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी, मुदत साध्या कृतीने वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्यावेत आणि ती निदान दहा वेळा वाढवू द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. ओटीपीसाठी सहा वेगवेगळ्या चौकटी दाखवण्याची हौस असते. त्यांतल्या प्रत्येकीला नाव द्यावे लागते, आणि ते बहुधा राहून जाते. एकच रकाना ठेवला तर सगळ्यांचेच काम सोपे होते. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा असेल तर आवाजाचा पर्याय देणे ही किमान गोष्ट, पण जी व्यक्ती पाहू आणि ऐकू दोन्ही शकत नाही तिला तोही उपयोगी नाही. म्हणून माणूस असल्याची खात्री पटवण्याचे दुसरे मार्ग शोधावेच लागतात.

बटणासारखे दिसणारे बटण

एचटीएमएलमध्ये ‘बटण’ असा टॅगच आहे. तो वापरला की ब्राउझर बरेच काही फुकट देतो. टॅबने तिथे पोहोचता येते, एंटर किंवा स्पेसबारने ते दाबता येते, आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणतो. तरीही अनेक पानांवर ‘डिव्ह’ नावाचा साधा टॅग घेऊन, त्याला रंग आणि गोलसर कडा देऊन, त्यावर माउसचा क्लिक बसवलेला असतो. ते दिसते बटण. टॅब त्याच्यावर थांबत नाही, एंटरने ते दाबले जात नाही. चाळीस रकाने कष्टाने भरून झाल्यावर ‘सादर करा’ सापडूच नये, यासारखी हतबलता नाही.

अशा उसन्या बटणाला ‘एरिया’चे गुणधर्म लावून दुरुस्त करता येते. एरिया ही याच कामासाठी बनलेली परिभाषा आहे आणि तिचा पहिला नियम सांगतो की एचटीएमएलमध्ये मूळची वस्तू असेल तर तीच वापरा. कारण एरिया फक्त नाव आणि ओळख बदलते, वागणूक बदलत नाही. डिव्हला बटण म्हटले तर स्क्रीन रीडर ‘बटण’ म्हणेल, एंटर दाबल्यावर मात्र काही होणार नाही. ते काम प्रोग्रॅमरने वेगळे लिहावे लागते.

मराठी अर्जाची भाषा

मराठी अर्जांना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा नोंदवायची असते. मराठीसाठी ‘एमआर’ एवढी दोन अक्षरे. ती असली की स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’मध्ये मराठी आहे. भाषा नोंदवली नाही आणि पान इंग्रजी समजले गेले, तर इंग्रजी आवाजाच्या हाती देवनागरी मजकूर लागतो आणि तो धड वाचला जात नाही. नुसत्या लिपीवरून भाषा ठरवणेही पुरेसे नाही, कारण हिंदीची लिपीही तीच. मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकला की च आणि ज यांचे मराठी उच्चार हरवतात.

त्याहून मोठे दुखणे जुन्या फॉन्टचे आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेखनासाठी जे फॉन्ट वापरात होते, त्यांत साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हे असतात. फॉन्टमुळे ती फक्त मराठी दिसतात. अशा मजकुराची पत्रके आणि अर्जांचे नमुने अजून फिरतात. डोळ्यांना ‘उत्पन्नाचा दाखला’ दिसतो आणि कानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग पडते. छापील अर्जाचा फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असणे ही स्क्रीन रीडरसाठी पहिली पायरी आहे, लेबल त्यानंतर येते.

दुसऱ्याच्या हाताने भरलेला अर्ज

कोणी म्हणेल, शेजारचा मुलगा भरून देईल, सेतू केंद्रात भरून मिळतो, मग एवढा आग्रह कशाला? अर्जात काय असते ते पाहावे. उत्पन्न, जात, आजार, अपंगत्वाची टक्केवारी, बँक खात्याचा क्रमांक, पासवर्ड, ओटीपी. डोळस माणूस हे सगळे एकांतात भरतो. दृष्टिहीन माणसाला प्रत्येक वेळी ते कोणापुढे तरी मोठ्याने सांगावे लागते आणि भरणाऱ्याने तेच भरले यावर विश्वास ठेवावा लागतो. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्या मुलांना हे परावलंबन लहानपणापासून ठाऊक असते. संगणकाने आणि स्क्रीन रीडरने त्यातून सुटका देऊ केली आहे. नाव नसलेला रकाना ती सुटका परत काढून घेतो.

आणि ही मूठभर माणसांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी ५० लाखांहून अधिक व्यक्तींना दृष्टीचे अपंगत्व होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात माहिती आणि तंत्रज्ञान सुगम्य असावे अशी जबाबदारी शासनावर टाकली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, सक्तीचे किमान निकष हवेत, असे ठरवले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठाने बँका आणि मोबाइल कंपन्यांसारख्या सेवांना लागणाऱ्या डिजिटल केवायसीबद्दल निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना आणि दृष्टिहीन व्यक्तींना कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटण्यासारख्या अटी पूर्ण करता येत नव्हत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने वीस निर्देश दिले. रकान्याचे लेबल ही आता कोणाच्या सौजन्यावर सोडलेली बाब राहिलेली नाही.

तपासायचे कसे, आणि कोणी

पहिली तपासणी कोणालाही करता येते. माउस बाजूला ठेवावा आणि फक्त टॅब, बाण, स्पेस, एंटर यांनी अर्ज भरून पाहावा. कुठे अडकलो ते लगेच कळते. दुसरी, रकान्याच्या नावावर क्लिक करावे. कर्सर चौकटीत गेला तर लेबल जोडलेले आहे. तिसरी, एनव्हीडीए उतरवून घ्यावा किंवा फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करावा, पडदा न पाहता अर्ज ऐकावा. आपोआप तपासणारी साधनेही आहेत आणि लेबल नसलेले रकाने ती झटकन दाखवतात. मात्र लेबलमध्ये ‘फील्ड १’ असे लिहिले असेल तरी त्यांना ते चालते. नावाला अर्थ आहे की नाही, हे माणसानेच ठरवावे लागते.

हे काम एकट्या प्रोग्रॅमरवर ढकलून भागणार नाही. त्याला काम देणारी संस्था, महाविद्यालय, बँक किंवा सरकारी खाते निविदेत काय मागते यावर पुढचे सगळे ठरते. निविदेत रंग, बोधचिन्ह आणि छायाचित्रांच्या जागा तपशीलवार लिहिलेल्या असतात. त्यात एक अट वाढवावी: शेवटचे बिल देण्यापूर्वी, स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या दोन-तीन व्यक्तींनी, त्यांना योग्य मानधन देऊन, संपूर्ण अर्ज पहिल्या रकान्यापासून कोणाच्याही मदतीशिवाय भरून पाहावा. एकदा मुद्दाम चुकीचा भरावा आणि दुरुस्त करावा. अर्ज दाखल झाल्यावर पोचपावतीचा क्रमांक त्यांना स्वतः ऐकता आला पाहिजे. तो ऐकू आला नाही, तर काम अपुरे आहे असे समजून बिल थांबवावे.